घंटा, भोंगा आणि थंब

सांगली-मिरज रस्त्यावरच्या शाळा, कॉलेजं, कचेऱ्या, बँका, दवाखाने आणि कारखाने यांच्या वेळा ठरवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणी मला नावानं ओळखत नसेल. पण एक-दोघांच्या अंगावर मी ‘सोडा, सोडा, सोडा, अजून सोडा’ असं ओरडले असण्याची शक्यता आहे. मिरजेतल्या एका छातीच्या दवाखान्यात मी फुफ्फुसांची तपासणी करते. नाकाला चिमटा, नळी ओठांत घट्ट, छाती भरून श्वास आणि मग एका दमात सगळी हवा बाहेर. निदान सहा सेकंद. एकदा करून भागत नाही, तीन फुंका एकमेकींशी जुळाव्या लागतात. मग औषधाचा पंप देऊन पंधरा मिनिटं बसवायचं आणि पुन्हा तेच. डॉक्टर त्याला पीएफटी म्हणतात, पेशंट ‘फुग्याचं मशीन’ म्हणतात. मला दुसरं नाव जास्त आवडतं.

राहायला सांगलीत, गावभागात. रोज स्कूटीवरून जाऊन-येऊन वीस किलोमीटर. त्या रस्त्यावरच्या खड्ड्यांवर आणि अतिक्रमणांवर लिहून लिहून लोकांची पेनं झिजली, त्यात मी भर घालत नाही. मला तुमच्या घड्याळाबद्दल बोलायचंय.

सकाळी नऊच्या पुढं निघाले की राजवाडा, राममंदिर चौक, पुष्पराज चौक इथवर बरं चालतं. मार्केट यार्डापासून रस्ता आवळायला लागतो आणि विश्रामबागेत तो थांबतोच. पुढं वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी जीप, वडापच्या मागं मी, डाव्या हाताला शाळेची व्हॅन, उजवीकडं सिटी बस. माझ्या मागं एक बाप, पुढं पायाशी उभी केलेली धाकटी आणि मागं दप्तर लावलेला थोरला. धाकटीचं नाक हँडलच्या उंचीला. सिग्नल हिरवा होतो, पण पुढची जागाच भरलेली असते, म्हणून कुणी हलत नाही. इंजिनं मात्र सगळ्यांची चालू. हिरवा जातो, लाल येतो. विजयनगरला कलेक्टर कचेरी आणि कोर्टाची गर्दी मिसळते. वानलेसवाडीपर्यंत पहिला-दुसरा गिअर, पहिला-दुसरा गिअर. कृपामयीच्या पुलाचा चढ आला की सगळे एकदम पिळतात, आणि चढाला लागलेल्या जुन्या डिझेल गाडीच्या मागं असणं म्हणजे काय, हे सांगायला शब्द लागत नाहीत. रुमाल दाखवला की पुरे.

साडेआठला निघाले तर याच रस्त्याला मला पंचवीस मिनिटं लागतात. नऊ दहाला निघाले तर चाळीस, कधी पंचेचाळीस. मी दोन महिने मोबाइलमध्ये टिपून ठेवलंय, म्हणून सांगते.

मग साडेआठला का निघत नाही? दोन डबे, एक सासरे, एक सातवीतला मुलगा, त्याची व्हॅन पावणेनऊला. आणि दवाखान्यात थंब, म्हणजे अंगठा टेकवून लागणारी हजेरी. पावणेदहाच्या पुढं पाच मिनिटांची सवलत, त्यानंतर लाल अक्षरात ‘लेट’. तीन लेट झाले की अर्धा दिवस कापला. दवाखान्याचं नाव घेत नाही, पगार तिथूनच होतो, आणि हा नियम काही तिथल्यांनी एकट्यांनी शोधून काढलेला नाही. त्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांच्या मानेवर असाच कुठला तरी थंब बसलेला आहे. उरलेल्यांच्या मानेवर शाळेची घंटा, नाहीतर कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या पाळीचा भोंगा. सव्वानऊ ते सव्वादहा या तासात आम्ही सगळे हौसेनं रस्त्यावर उतरत नाही. तुम्ही आम्हाला तिथं बोलावता.

आता माझ्या कामातलं थोडं सांगते.

माणूस दिवसाकाठी साधारण दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. नुसतं बसल्यावर मिनिटाला सहा ते आठ लिटर. म्हणजे माझ्या त्या चाळीस मिनिटांत जेमतेम तीनशे लिटर. दिवसाच्या हवेतला शंभरातला तिसरा भाग. एवढ्याशा हवेचं काय घेऊन बसलात, असं आमच्याकडं एका हिशेब तपासनीस पेशंटनं मला विचारलंही होतं. पण ते तीनशे लिटर दिवसातले सगळ्यांत घाण तीनशे लिटर असतात. मोठ्या रस्त्यांवर मोजमापं झाली आहेत. धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतात, शंभर-दीडशे मीटरवर ते झपाट्यानं उतरतात आणि तीनशे मीटरच्या आसपास बाकीच्या गावाच्या हवेत मिसळून जातात. आम्ही शंभर मीटरवर नसतो. आम्ही सायलेन्सरपासून दीड मीटरवर असतो.

हवेची मानकं आहेत, नाही असं नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत त्यांचं वर्षाचं सरासरी प्रमाण ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावं आणि चोवीस तासांचं ६० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीत हेच आकडे ५ आणि १५ आहेत. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपल्या सांगलीचं नाव आहे. पण सरासरी ही सरासरी असते. रात्री तीनची हवा आणि विश्रामबागेतली साडेनऊची हवा एकत्र ढवळून जो आकडा येतो, त्यात माझं नाक कुठं असतं? धाकटीचं कुठं असतं?

काच वर करून येणाऱ्यांनीही फार निवांत राहू नये. गाडीचा एसी बाहेरची हवा ओढत असेल तर तो पुढच्या गाडीचा धूरच ओढत असतो. गर्दीत अडकलात की आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. सायकलवाल्याला असलं बटण नाही. पायडल मारताना त्याचा श्वास तिप्पट-चौपट होतो, म्हणजे गावासाठी सगळ्यांत कमी धूर करणारा माणूस सगळ्यांत जास्त धूर पितो. मला हा अन्याय फार टोचतो. असो.

मोठी धूळ नाकातले केस आणि घशातला चिकटा अडवतो. ती खाकरून, शिंकून बाहेर पडते. संध्याकाळी रुमाल काळा निघाला की लोक घाबरतात. मी म्हणते, रुमालावर आलं ते बाहेर आलं. भीती जे आलं नाही त्याची धरा. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढा कण श्वासनलिकेच्या वीस-बावीस फाट्यांतून थेट शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतो. असे फुगे तीस कोटींहून जास्त. सगळे उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. विश्रामबागेतला एक टूबीएचके. एवढ्या जागेतून प्राणवायू रक्तात शिरतो. तिथं झाडू मारायला केस नाहीत, फक्त कण गिळणाऱ्या पेशी आहेत. काजळी गिळून गिळून त्या चिडतात, सूज येते, ती रोज सकाळी-संध्याकाळी ताजी होत राहते. डिझेलच्या धुराला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ मध्ये कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या पंगतीला.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट माझ्या मशीनबद्दलची आहे. दोन मिलिमीटरहून बारीक नळ्यांतलं नुकसान मशीनला बराच काळ दिसत नाही. त्या इतक्या असंख्य आहेत की थोड्या बंद पडल्या तरी फुंक चांगली येते. माझ्या कागदावर आकडा घसरायला लागतो, तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय ना?’ असं विचारणाऱ्याला मी हो म्हणते, पण पूर्ण मनापासून नाही.

माझ्या खुर्चीत बसून गेलेली माणसं डोळ्यांपुढं आहेत. पंचविसेक वर्षं वडाप चालवलेला एक जण, बिडीला कधी हात न लावलेला. बायको शेजारी बसून शपथेवर सांगत होती. पहिल्या सेकंदात त्याची निम्मीही हवा बाहेर पडली नाही. पंपानंतरही तसंच. चौकात उभी राहणारी एक वाहतूक पोलीस, तिशीतली, ‘ड्यूटी संपली की खोकला सुरू होतो, ड्यूटीवर नसतो’ म्हणाली, आणि मला त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. चौथीतली एक मुलगी, दम्याची. तिला मी ‘वाढदिवसाची मेणबत्ती’ असं सांगून फुंकायला लावते, तर ती म्हणाली, आमच्याकडं मेणबत्ती लावत नाहीत, औक्षण करतात. त्या दिवसापासून मी ‘निरांजन विझव’ म्हणायला लागले, मग तिच्या आजीनं मला झापलं. निरांजन विझवायचं नसतं.

माझ्या वहीतली माणसं म्हणजे सर्वेक्षण नव्हे, हे मला कळतं. मार्केट यार्डात आयुष्यभर हळदीची पोती उचललेले हमाल येतात. त्यांच्या छातीत कामाची धूळ आहे. चुलीपुढं जन्म गेलेल्या म्हाताऱ्या येतात, तंबाखूवाले तर येतातच. धूम्रपान न करणाऱ्यांना दीर्घकालीन श्वसनरोग का होतो, यावर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर लिहिलं, त्यात चूल आहे, कामाच्या जागची धूळ आहे, आणि बाहेरची हवाही आहे. कुणाच्या छातीत रस्त्याचा वाटा किती, हे माझं मशीन वेगळं काढून दाखवू शकत नाही. माझ्या स्वतःच्या छातीतलाही नाही. तपासणीचं यंत्र नीट चालतंय का, हे बघायला रोज तीन लिटरच्या सिरिंजनं हवा ढकलावी लागते आणि शिवाय एखाद्या धडधाकट कर्मचाऱ्यानं नियमानं फुंकावं लागतं. आमच्याकडं ती धडधाकट कर्मचारी मी. त्यामुळं माझ्या श्वासाची बरीच वर्षांची नोंद लॅपटॉपमध्ये पडून आहे. आकडा हळूहळू उतरतोय. तिशीनंतर वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटर सगळ्यांचाच उतरतो, माझाही तसाच उतरत असेल.

पण वाटा वेगळा काढणारे प्रयोग झालेत. एक तर अगदी आपल्या विश्रामबागसारखा आहे. लंडनमध्ये दम्याच्या ६० प्रौढांना ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून दोन तास चालायला लावलं. तिथं तेव्हा डिझेलच्या बसगाड्या आणि टॅक्सीच धावायच्या. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांना जवळच्याच हाइड पार्कमध्ये दोन तास चालवलं. माणसं तीच, चालणं तेवढंच. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा रस्त्यावर सहा टक्क्यांपर्यंत घटली, बागेत दोन टक्क्यांच्या आसपास. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातून साडेतीन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची फुफ्फुसं आठ वर्षांत दीड किलोमीटरपलीकडच्या मुलांपेक्षा कमी वाढली होती. फुफ्फुसं विशीच्या सुरुवातीपर्यंत वाढतात. त्या वयात जी उंची गाठायची ती गाठली नाही, तर नंतरची उतरण खालूनच सुरू होते. शाळा-कॉलेजवाल्यांनी हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचावं. तुमच्याकडं येणारा प्रत्येक जण त्या वयातला आहे.

त्याच कॅलिफोर्नियात पुढं हवा सुधारली, आणि नंतरच्या पिढीतल्या मुलांची फुफ्फुसं जास्त चांगली वाढलेली दिसली. २०१५ मध्ये तेही छापून आलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘आता काय होणार’ असं म्हणायची आपल्याला फार घाई असते.

तर घड्याळ. गाड्या कमी करा असं मी म्हणत नाहीये, ते तुमच्या हातात नाही. गाड्या तेवढ्याच राहिल्या तरी त्या एका तासात कोंबल्या की प्रत्येक गाडी जास्त धूर सोडते. थांबून पुन्हा उचलताना इंजिन सर्वांत घाण चालतं, आणि उभी गाडी तर एक मीटरही पुढं न जाता धूर सोडत राहते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या, धुराच्या कडक मानकाच्या बीएस-६ गाड्या बऱ्या आहेत, इंधनातलं गंधकही कमी झालंय, पण रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि ब्रेक, टायर व कडेच्या मातीची धूळ सगळ्याच उडवतात. भरलेल्या रस्त्याचं गणित साधं नसतं. शंभरातल्या दहा गाड्या कमी झाल्या तर रांग दहा टक्क्यांनी नाही, कितीतरी जास्त आखडते. माझ्यावर विश्वास ठेवू नका. दिवाळीच्या सुटीतला रस्ता आठवा. कचेऱ्या चालू, बँका चालू, कारखाने चालू, फक्त शाळा बंद. विश्रामबागचा चौक एका सिग्नलमध्ये सुटतो.

२०२० च्या एप्रिलमधला रस्ताही मला आठवतो. फुंकायच्या तपासण्या तेव्हा संसर्गाच्या भीतीनं बंद होत्या, मला तापाच्या विभागात बसवलं होतं. नाक्यावर पास दाखवायचा आणि पुढं मोकळा डांबरी रस्ता. वानलेसवाडीजवळ झाडांचा वास यायचा. तिथं झाडांना वास आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तसले दिवस पुन्हा नकोत, पण तो वास लक्षात राहिलाय.

वेळा बदलता येत नाहीत असं मला सांगू नका. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि वेळ ९.४५ ते ६.१५ झाली. एका आदेशानं. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हेही २०२४ मध्ये शासनानंच ठरवलं, लेकरांच्या झोपेसाठी. आणि आपल्या गावाकडं तर ऋतूप्रमाणे शाळेची वेळ बदलणं मुरलेलंच आहे. मार्च-एप्रिल आला की सकाळची शाळा. कुणी त्याला सुधारणा म्हणत नाही, ऊन लागतं म्हणून सकाळची शाळा, बस्स.

हिवाळ्यात उलटं करायला हवं. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. पहाटेचा सगळा धूर, शेकोट्यांचा, शेतात जाळलेल्या पाचटाचा, कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचा, त्या झाकणाखाली तुंबतो. ऊन चढलं की झाकण उचलतं. म्हणून हिवाळ्यात सात दहाची शाळा म्हणजे पोरांना झाकणाखाली पाठवणं. मोकळ्या मैदानावरची कवायतही तेव्हाच. सकाळची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, गावात हिवाळ्यात ते खरं नाही. उन्हाळ्यात मात्र दुपारी गाड्यांच्या धुरातल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, तोही छातीला वाईटच, तेव्हा सकाळची शाळाच बरोबर. आजोबा-पणजोबांनी हे रसायन शिकून ठरवलं नव्हतं, पण अर्धं गणित त्यांचं बरोबर निघालं. उरलेलं अर्धं आपण सोडवू.

अडचणी मला माहीत आहेत. वर्गखोल्या कमी म्हणून दोन सत्रं भरतात, सकाळचं सुटायला आणि दुपारचं भरायला एकच वेळ, आणि त्या दहा मिनिटांत गेटसमोर जे होतं ते तुम्ही खिडकीतून रोज बघता. निदान मध्ये वीस मिनिटांची फट ठेवा. दोन भावंडं दोन शाळांत, बाप एक, गाडी एक. एकीची घंटा पुढं नेली आणि दुसरीची तशीच ठेवली तर तो बाप दोनदा रस्त्यावर येईल, माझाच हिशेब माझ्यावर उलटेल. म्हणून हे एकेकट्यानं करण्याचं काम नाही, एकाच पट्ट्यातल्या चार-पाच शाळांनी चहाला एकत्र बसून करायचं काम आहे. बँकेचं दार दहाला उघडावं लागतं, मान्य. कोर्टाची वेळ कोर्टच ठरवणार. दवाखान्यात सकाळची ओपीडी रोखून धरता येत नाही.

पण थंब? थंबला कसली अडचण आहे? ज्याच्यापुढं गिऱ्हाईक उभं नाही, वर्ग वाट बघत नाही, पाळी सोडवायची नाही, अशा माणसानं नऊला यावं की सव्वादहाला, आठ तास भरले म्हणजे झालं. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा. तीन लेटला अर्धा दिवस कापायचा नियम ज्यानं केला त्याला शिस्त हवी होती, हे मी समजू शकते. पण शिस्तीपायी आमच्यासारखे पन्नास-साठ जण त्याच पाच मिनिटांत पुलाच्या चढावर एकमेकांच्या सायलेन्सरला नाक लावून उभे राहतात. माझ्या बाबतीत सांगायचं तर दहाच्या आधी माझ्या खोलीत एकही पेशंट येत नाही. पावणेदहा ते दहा मी सिरिंजनं हवा ढकलत बसते. ते काम संध्याकाळी केलं तर सिरिंज तक्रार करणार नाही.

कारखान्यांना एवढंच: शेजारशेजारच्या दोन युनिटांची पहिली पाळी एकाच मिनिटाला सुटायलाच हवी का? एकाचा भोंगा तीनला, दुसऱ्याचा सव्वातीनला. पूर्वी भोंग्यावर अख्ख्या गावाची घड्याळं लावायचे, आता ती गरज कुणाला उरली?

आणखी एक, ज्याला घड्याळ लागत नाही. तुमच्या गेटसमोर इंजिन बंद. शाळेच्या व्हॅन वीस वीस मिनिटं चालू ठेवून उभ्या असतात, आणि सुटलेली पोरं त्यांच्या मागून, बरोबर धुराच्या उंचीवरून, जातात. लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. एक पाटी आणि आठवडाभर गेटवर उभा राहणारा एक पीटीचा सर, एवढ्यात हे होतं. पोरांनाच सांगा. पोरं बापाला चावी फिरवायला लावतात, माझा मुलगा लावतो. मी पूर्वी सिग्नलला गाडी बंद करत नव्हते, आता करते, मागून हॉर्न वाजतात.

‘स्कार्फ बांधता ना मग?’ असं विचारणारे भेटतात. बांधते. ऊन लागत नाही, केस खराब होत नाहीत. बारीक कण त्या कापडाच्या विणीतून असे जातात जशी चाळणीतून मोहरी. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ अडवतो, पण तो कडेनं उघडा राहिला की त्याचाही स्कार्फ होतो, आणि चाळीस रुपयांचा मास्क पहिलीतल्या पोरानं तोंडावर टिकवावा, असं म्हणणाऱ्यानं पहिलीतलं पोर पाहिलेलं नाही.

मिरज ही दमसासाची नगरी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथं राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना विसावा मिळाला, अजून उरुसात तिथं गाणं होतं. माझ्याकडं गाणारेही येतात तपासणीला, आणि त्यांची फुंक बघण्यासारखी असते. एका तरुण गायिकेनं विचारलं होतं, तान अर्ध्यात तुटते, छातीचं काही आहे का? रिपोर्ट नॉर्मल होता. ती सांगलीहून सिटी बसनं यायची, खिडकीशेजारी बसून. मी तिला बसमध्ये रस्त्याच्या मध्याकडच्या नव्हे, डावीकडच्या खिडकीला बसा म्हणाले. याहून शहाणं मला काही सुचलं नाही.

या पत्राची एक प्रत मी आमच्या दवाखान्याच्या सूचनापेटीतही टाकणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना शंका असेल त्यांच्या शिक्षकखोलीत, युनियनच्या ऑफिसात, बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत मी फुंकेचा वेग मोजणारं पीक फ्लो मीटर घेऊन यायला तयार आहे. प्लॅस्टिकची साधी नळी असते ती, वीज लागत नाही. आल्या आल्या फुंकायचं, आणि दोन तासांनी पुन्हा. त्यातून काही सिद्ध होणार नाही, पण आपला श्वास आकड्यात बघितला की माणूस जरा गप्प होतो, हे मी रोज बघते. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल. फक्त दुपारी बोलवा.

आता पावणेसहा झालेत. आजची शेवटची पेशंट पंप घेऊन बाहेर बाकावर बसली आहे, तिची दुसरी फुंक झाली की निघते. सव्वासहाला कचेऱ्या सुटायच्या आत मला कृपामयीचा पूल ओलांडायचाय.

आपली,
मिरजेत फुग्याचं मशीन चालवणारी, गावभागातली एक